शाळेतील संगणक, पोर्टल आणि अपडेट : कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षक व कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुख्याध्यापकांनी, शिक्षकांनी आणि लिपिकांनी केंद्राच्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, पंचायत समितीच्या व्हरांड्यात आणि पुष्कळदा रात्री जेवणानंतर फोनवर जे प्रश्न तंत्रस्नेही शिक्षकांना विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. चंदगडच्या टोकाच्या दोनशिक्षकी शाळेची अडचण आणि करवीरमधील मोठ्या पटाच्या शाळेची अडचण सारखी नसते, म्हणून शक्य तेथे दोन्हींचा विचार केला आहे. सर्व उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरली आहे : नोंद जनरल रजिस्टरातून (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या कायमच्या नोंदवहीतून) पोर्टलवर जाते, पोर्टलवर काय दिसते ते पाहून रजिस्टर बदलले जात नाही.

संगणक सुरू केला की अपडेटची टक्केवारी दिसू लागते आणि अर्धा तास वाया जातो. हे बहुधा बुधवारीच का होते?

हा आपला भास नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनी विंडोजची सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेळेनुसार सकाळी १० वाजता प्रसिद्ध करते. त्या वेळी आपल्याकडे मंगळवारची रात्र असते, म्हणजे ऋतूनुसार साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, आणि शाळेला कुलूप असते. बुधवारी सकाळी परिपाठ आटोपून कोणी संगणक सुरू करतो, तेव्हा तो आधी रात्रीचे राहिलेले काम उरकायला घेतो. टक्केवारी पुढे सरकत नाही म्हणून बटण दाबून किंवा वायर ओढून संगणक बंद करणे हा मात्र सर्वांत महागडा उपाय आहे, कारण अपडेट अर्धवट राहिले तर विंडोज पुन्हा सुरूच न होण्याची शक्यता असते आणि मग तालुक्याच्या गावी दुरुस्तीला नेण्याचा खर्च सादिलमधून (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून) कसा दाखवायचा, हा वेगळा प्रश्न उभा राहतो.

सोपा मार्ग असा, की महिन्यातील दुसऱ्या मंगळवारनंतर येणाऱ्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, संगणक इंटरनेटला जोडून ठेवावा आणि बंद करताना ‘अपडेट करून बंद करा’ हा पर्याय निवडावा. एखाद्या पोर्टलची शेवटची तारीख नेमकी त्याच आठवड्यात असेल, तर सेटिंगमध्ये अपडेट काही दिवसांसाठी थांबवण्याची सोय आहे, ती वापरण्यास हरकत नाही. थांबवणे आणि कायमचे बंद करून टाकणे यांत फरक आहे, एवढे लक्षात असावे. ‘आमच्याकडे एकाने अपडेट कायमचे बंद करून दिले, आता संगणक छान चालतो’ असे कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा त्या संगणकावर किती महिन्यांच्या सुरक्षेच्या फटी उघड्या आहेत हे सांगणाऱ्यालाही माहीत नसते.

शाळेत वायफाय नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक जोडला की दिवसाचा सर्व डेटा दहा मिनिटांत संपतो. काय करावे?

विंडोजला आपला मोबाइल आणि कार्यालयातील ब्रॉडबँड यांतील फरक आपोआप कळेलच असे नाही. म्हणून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या हॉटस्पॉटच्या नावासमोर ‘मीटर्ड कनेक्शन’ हा पर्याय सुरू करावा. त्यानंतर मोठी अपडेट आपोआप उतरवली जात नाहीत आणि दीड-दोन जीबीचा डेटा पोर्टलच्या कामासाठी उरतो. मोठी अपडेट मग ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी चालू असेल तर तेथे, अथवा केंद्रशाळेत, महिन्यातून एकदा करून घ्यावीत. ज्या शाळेत पाच-दहा संगणकांची खोली आहे, तेथे ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ ही सोय सुरू केल्यास एका संगणकाने उतरवलेले अपडेट बाकीचे त्याच्याकडूनच घेतात.

विंडोज १० बंद झाले असे ऐकले. आमच्या शाळेतील संगणक तर व्यवस्थित चालू आहेत. मग बंद झाले म्हणजे काय?

विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही आणि पडणारही नाही. त्यावर टंकलेखन होईल, छपाई होईल, पोर्टलही उघडतील. थांबला आहे तो सुरक्षा अपडेटचा पुरवठा. म्हणजे त्या तारखेनंतर विंडोज १० मध्ये जी नवी फट सापडेल, ती बुजवायला नेहमीच्या मार्गाने कोणी येणार नाही. घरगुती वापराच्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची मुभा देण्यात आली, परंतु ती तात्पुरती सोय आहे आणि तिच्या भरवशावर पुढच्या वर्षाचे नियोजन करता येत नाही. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांची सेवाही त्याच दिवशी संपली, हे पुष्कळांच्या लक्षात आलेले नाही.

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात. लोकवर्गणीतून किंवा एखाद्या संस्थेच्या देणगीतून दहा वर्षांपूर्वी मिळालेले संगणक बहुधा या अटीत बसत नाहीत. आपला संगणक बसतो की नाही, हे मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या मोफत प्रोग्रामने पाच मिनिटांत कळते. अटी डावलून विंडोज ११ बसवून देणारे लोक दुकानात आणि यूट्यूबवर भेटतात. शाळेच्या संगणकावर तसे करून घेऊ नये, कारण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

मग जुने संगणक टाकूनच द्यायचे का?

नाही. मुलांच्या सरावासाठी, चित्रकलेसाठी, टंकलेखनासाठी आणि शैक्षणिक व्हिडिओ दाखवण्यासाठी तेच संगणक इंटरनेट न जोडता आणखी काही वर्षे चालू शकतात. इंटरनेटवर वापरायचेच असतील, तर लिनक्सवर आधारित एखादी प्रणाली बसवता येते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणाली भारतीय भाषांची सोय असलेली आणि मोफत आहे. उबुंटूही मोफत आहे. प्रिंटर आणि स्कॅनर त्यावर चालतील का, हे मात्र आधी एका संगणकावर तपासावे. कार्यालयीन कामाचा एकमेव संगणक असेल, तर त्यावर हा प्रयोग मार्चमध्ये किंवा ३० सप्टेंबरच्या पटनोंदणीच्या सुमारास करू नये.

जे संगणक खरोखरच निकामी झाले आहेत, त्यांचे काय करावे, हा अधिक अवघड भाग आहे. संगणक जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत) असतो, म्हणून मुख्याध्यापकांना तो परस्पर भंगारात देता येत नाही. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव करून मंजुरी घ्यावी लागते. त्यातच २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. निर्लेखनापूर्वी हार्ड डिस्क बाहेर काढून ठेवावी किंवा ती पूर्णपणे पुसून घ्यावी. जुन्या डिस्कवर दहा-दहा वर्षांच्या विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक आणि शिष्यवृत्तीची बँक खाती पडून असतात.

यू-डायस प्लसचा पासवर्ड केंद्रातील सर्व शाळांचा एकच ठेवला आहे, म्हणजे विसरायला होत नाही. यात चूक काय?

यू-डायस प्लस हे शाळा व विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे भारत सरकारचे पोर्टल. त्यावर शाळेचे वापरकर्ता नाव म्हणजे शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यानंतरचे दोन तालुक्याचे, मग तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. कोल्हापूर जिल्ह्यातील प्रत्येक शाळेचा क्रमांक २७३४ ने सुरू होतो आणि तो फलकावर, दाखल्यावर, शिक्क्यावर सगळीकडे असतो. म्हणजे कुलूप कोठे आहे ते जगजाहीर आहे. गुप्त आहे ती फक्त किल्ली. तीच किल्ली सर्वांची एक असेल, तर एका शाळेतून ती बाहेर गेल्यावर केंद्रातील सर्व शाळा उघड्या पडतात.

पासवर्ड विसरला तर गट स्तरावरून तो नव्याने घेता येतो, त्याला फार वेळ लागत नाही. तेव्हा तो सोपा ठेवण्याची गरज नाही. गावाचे नाव आणि पुढे १२३ असा पासवर्ड ठेवू नये. दोन-तीन असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत जोडून, मध्ये एखादा अंक आणि चिन्ह घातले की पासवर्ड लक्षातही राहतो आणि सहज ओळखताही येत नाही. तो लिहून ठेवायचा असल्यास मुख्याध्यापकांच्या कपाटात, बंद पाकिटात ठेवावा. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नव्हे.

माझी बदली झाली. जुन्या शाळेचे ओटीपी अजून माझ्याच मोबाइलवर येतात. काय करावे?

शाळेला स्वतःचा मोबाइल नसल्याने बहुतेक पोर्टलवर मुख्याध्यापकांचा वैयक्तिक क्रमांक नोंदवलेला असतो आणि बदलीनंतर तो तसाच राहतो. मग नवे मुख्याध्यापक फोन करतात, आपण वर्गावर असता, ओटीपीची मुदत संपते आणि सायंकाळपर्यंत दोघांचाही संयम संपतो. कार्यभार देताना जसे जनरल रजिस्टर, कॅशबुक, पोषण आहाराचा शिल्लक साठा आणि कपाटाच्या किल्ल्या यांची यादी होते, तशीच पोर्टलची यादी करावी : पोर्टलचे नाव, वापरकर्ता नाव, नोंदवलेला मोबाइल, नोंदवलेला ईमेल आणि क्रमांक बदलल्याची तारीख. या यादीत पासवर्ड लिहू नयेत. नव्या मुख्याध्यापकांनी ते हजर झाल्याच्या दिवशीच बदलून घ्यावेत.

शाळेच्या नावाने एक ईमेल असावा आणि तो कोणाच्याही वैयक्तिक खात्याशी जोडलेला नसावा. शालार्थ या पगाराच्या पोर्टलमधील आपली स्वतःची माहिती या यादीत धरायची नाही. ती व्यक्तीची आहे, शाळेची नाही, आणि बदलीनंतर ती आपल्याबरोबर नव्या शाळेच्या पगारबिलात योग्य प्रकारे गेली आहे ना, हे पहिल्याच महिन्यात तपासावे.

यू-डायस प्लसवर मुलाची माहिती भरली, तरी ‘अपूर्ण’ असे का दिसते?

विद्यार्थ्याची माहिती तीन भागांत असते आणि आपण त्यांना जीपी, ईपी आणि एफपी या संक्षेपांनी ओळखतो : सर्वसाधारण माहिती, प्रवेशाची माहिती आणि मिळालेल्या सुविधांची माहिती. तिन्ही भाग जतन करून शेवटी ‘पूर्ण’ हे बटण दाबल्याशिवाय विद्यार्थी पूर्ण धरला जात नाही. पुष्कळदा एफपी राहतो, कारण गणवेश आणि पाठ्यपुस्तके यांची नोंद वेगळ्या शिक्षकाकडे असते.

बेळगाव जिल्ह्यातून आलेल्या मुलाचे किंवा ऊसतोड मजुरांच्या मुलाचे नाव पोर्टलवर कसे घ्यावे?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याचा खास आहे, म्हणून थोडे सविस्तर. यू-डायस प्लसवर २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते आणि त्याला पेन हा ११ अंकी कायमचा शिक्षण क्रमांक मिळतो. राज्य बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलच्या शाळेत कर्नाटकातून मूल आले, तर त्याला नवा विद्यार्थी म्हणून भरू नये. पालकांकडून आधीच्या शाळेचा दाखला आणि पेन मागावा, आधीच्या शाळेने त्याला सोडून दिले आहे का ते पाहावे, आणि पोर्टलवरील ड्रॉपबॉक्समधून (शाळांनी सोडलेल्या विद्यार्थ्यांच्या यादीतून) त्याला आपल्या शाळेत घ्यावे. आधीच्या शाळेने सोडलेले नसेल, तर त्या शाळेशी बोलावे. दाखल्यावर शाळेचा यू-डायस क्रमांक असतो, त्यावरून तालुका समजतो. घाईने नवी नोंद केली, तर एकाच मुलाचे दोन पेन होतात आणि ते निस्तरायला वर्ष जाते.

ऊसतोड मजुरांच्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो आणि मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर या पट्ट्यात खोप्या बांधून राहतात. ही मुले चार-पाच महिने आपल्याकडे असतात आणि हंगाम संपला की गावी परततात. त्यांच्या मूळ शाळेच्या पटावरून त्यांना काढून आपल्या पटावर घेणे योग्य नाही. त्यासाठी शिक्षण हमी पत्रकाची व्यवस्था आहे. त्याच्या आधारे मुलाला वर्गात बसवावे, हजेरी व मूल्यमापन स्वतंत्र ठेवावे आणि परत जाताना ते पत्रक भरून पालकांच्या हाती द्यावे. पोर्टलवर नाव नाही म्हणून मूल वर्गाबाहेर उभे राहणे कोणत्याही नियमात बसत नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ज्या संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेथे तर नाहीच नाही.

आधारवरील नाव आणि जनरल रजिस्टरातील नाव जुळत नाही. कोणते बदलावे?

आधी पाहावे की चूक कोठे आहे. रजिस्टरात बरोबर लिहिलेले नाव पोर्टलवर चुकीचे टंकले असेल, तर पोर्टलवर दुरुस्ती करावी. रजिस्टर आणि पोर्टल दोन्ही बरोबर असून आधारवर चूक असेल, तर पालकांना आधार केंद्रावर पाठवावे. जन्मदाखला अशा वेळी उपयोगी पडतो. रजिस्टरातच चूक असेल, तर खाडाखोड करून किंवा पांढऱ्या शाईने ती झाकू नये. सक्षम अधिकाऱ्याची लेखी मंजुरी घेऊन, तिचा जावक क्रमांक नोंदवून दुरुस्ती करावी. ‘आधार जुळले पाहिजे’ या दडपणाखाली मूळ रजिस्टरातील जन्मतारीख बदलून टाकण्याचे प्रकार घडतात. ते मूल दहावीला जाते, तेव्हा त्याचा त्रास सुरू होतो आणि तोपर्यंत बदल करणाऱ्यांची बदली झालेली असते.

दुसरी बाब बायोमेट्रिकची. पाच वर्षांखालील मुलाच्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. ते पाचव्या वर्षी द्यावे लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा अद्ययावत करावे लागतात. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात हे काम विनाशुल्क होते, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून एक वर्षासाठी ७ ते १५ या वयोगटालाही शुल्कमाफी देण्यात आली. पहिलीतील मुलांच्या पालकांना ही माहिती प्रवेशाच्या दिवशीच सांगितली, तर पुढच्या संचमान्यतेच्या (पटानुसार शिक्षकांची पदे ठरवण्याच्या) वेळची धावपळ बरीच कमी होते.

अपार क्रमांकासाठी पालक संमती देत नसतील, तर?

अपार हा विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींचा १२ अंकी क्रमांक पालकांच्या संमतीनेच तयार करायचा आहे. पालक नाही म्हणाले, तर तसे लेखी घ्यावे, फाइलला लावावे आणि पुढे जावे. टक्केवारी वाढावी म्हणून पालकांच्या वतीने आपणच सही करणे ही खोटी कागदपत्रे करण्याची गोष्ट आहे, मग कोणाचा कितीही फोन आला तरी. जे पालक तयार आहेत, त्यांचे संमतीपत्र शाळेतच जपून ठेवावे. आणि क्रमांक तयार होत नसेल, तर दहापैकी बहुतेक वेळा कारण वरच्याच प्रश्नातील असते : आधार आणि यू-डायस यांतील नावाचे एखादे अक्षर.

आम्ही पाठवलेले मराठी पत्र तालुक्याच्या संगणकावर उघडले की निरर्थक अक्षरे दिसतात. असे का?

कारण आपण ते युनिकोडमध्ये टंकलेले नाही. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरे इंग्रजीच असतात, फक्त त्यांचे चित्र देवनागरीचे दिसते. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला, की चित्र गळून पडते आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते मोबाइलवर, पोर्टलवर आणि कोणत्याही संगणकावर सारखेच दिसते, आणि शोधताही येते.

विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक आधीपासूनच असतो; वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. भारत सरकारने १९८६ मध्ये निश्चित केलेल्या या रचनेत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने उजव्या हाताला आहेत. तरुण शिक्षकांना ती दोन आठवड्यांत जमते. ज्या लिपिकांचे हात जुन्या टंकयंत्रावर बसले आहेत, त्यांच्यासाठी रेमिंग्टन पद्धतीने युनिकोड टंकण्याची सोय उपलब्ध आहे. तीस वर्षांची सवय मोडून काढण्याचा आग्रह धरण्यापेक्षा ती सोय बसवून देणे बरे.

जुन्या फायली परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतात, पण नंतर डोळ्यांखालून घालाव्यात. दोन ठिकाणी हमखास गडबड होते. एक, ‘कऱ्हाड’ किंवा ‘पायऱ्या’ यांतील ऱ. परिवर्तनात त्याचा रफार होतो आणि ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होऊन डोंगराचा समुद्र होतो. इन्स्क्रिप्टवर हा ऱ शिफ्ट दाबून र च्याच कळीवर मिळतो. दुसरे, ‘ॲ’ हे अक्षर. युनिकोडमध्ये त्याला २००८ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधीच्या फायलींत ते ‘अ’ आणि अर्धचंद्र असे दोन तुकडे जोडून लिहिलेले असते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात; ‘ॲनी’ नावाची मुलगी यादीत दिसते आहे, पण शोधले की सापडत नाही, याचे कारण बहुधा हेच असते.

वर्गाची आधार यादी केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यास सांगितले आहे. टाकावी का?

टाकू नये. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास आधार कायद्यातच मनाई आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. गटात ज्यांची बदली झाली, जे निवृत्त झाले, तेही असतात, आणि त्यांच्या मोबाइलवर त्यांची नातवंडे खेळत असतात. पोर्टलवर भरलेली माहिती वरिष्ठ कार्यालयाला त्यांच्या लॉगिनवर दिसतेच. तरीही यादी हवीच असेल, तर शेवटचे चार अंक ठेवून बाकी झाकलेले असावेत आणि ती कार्यालयीन ईमेलवर जावी. वरिष्ठांना नकार देणे अवघड जाते, हे मान्य. ‘साहेब, ईमेलवर पाठवली आहे’ हे उत्तर नकारापेक्षा सोपे पडते.

मोबाइलवर चलनाची किंवा लग्नपत्रिकेची फाइल आली. उघडू का?

फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नाही, ते मोबाइलमध्ये शिरणारे ॲप आहे. असे ॲप आपले संदेश वाचते, म्हणजेच बँकेचे आणि पोर्टलचे ओटीपीही वाचते. ओळखीच्या शिक्षकाकडून आली म्हणून ती सुरक्षित ठरत नाही, कारण त्यांचाच मोबाइल ताब्यात घेऊन ती पुढे पाठवलेली असते. चुकून उघडली गेली, तर लगेच मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या तासाभरात केलेल्या तक्रारीने पैसे गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणे चोराच्या पथ्यावर पडते.

पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावला की सर्व फोल्डर शॉर्टकट होऊन परत येतात.

त्या दुकानातील संगणकाला दिवसाला शंभर पेनड्राइव्ह लागतात. छपाईसाठी फाइल पीडीएफ करून ईमेलने पाठवावी, किंवा ज्यात दुसरे काहीही नाही असा वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा. संचमान्यतेच्या फायली असलेला पेनड्राइव्ह दुकानात नेऊ नये.

पावसाळ्यात आणि पुरात संगणकाची काळजी कशी घ्यावी?

वळवाच्या पावसात वीज कडाडते, तेव्हा फक्त स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढावा, आणि इंटरनेटची वायर असेल तर तीही काढावी, कारण विजेचा झटका त्या वायरनेही येतो. उन्हाळी सुटी लागताना शेवटच्या दिवशी हे काम करून मगच कुलूप लावावे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतील ओलाव्यानेच संगणक बिघडतात. तेथे संगणक रोज निदान अर्धा तास सुरू ठेवणे हा जुना पण खरा उपाय आहे.

पुराचे गणित वेगळे आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत शिरोळ, करवीर, हातकणंगले येथील अनेक गावांत पाणी शिरले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदीकाठच्या शाळांनी ४३ ची वाट पाहू नये; ३९ ला पोहोचताच सीपीयू, प्रोजेक्टर आणि त्याहून आधी जनरल रजिस्टर उंचावर हलवावे. उंचावरील शाळा पुरात निवारा केंद्र होतात आणि संगणकाच्या खोलीतही कुटुंबे राहतात. अशा वेळी संगणक झाकून एका कोपऱ्यात बांधून ठेवावेत, खोली नाकारू नये.

जनरल रजिस्टराचे प्रत्येक पान दरवर्षी मोबाइलने स्पष्ट छायाचित्र काढून दोन ठिकाणी जतन करावे, आणि त्यांतील एक ठिकाण शाळेबाहेरचे असावे. भिजलेला संगणक ‘चालतो का पाहू’ म्हणून सुरू करू नये. पाण्याने जेवढे बिघडत नाही, तेवढे ओल्या सर्किटमध्ये वीज सोडल्याने बिघडते. हार्ड डिस्क काढून, वाळवून, जाणकाराकडे द्यावी.

वर्णनात्मक नोंदी चॅटजीपीटीकडून लिहून घेतल्या तर चालतील का?

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून वर्णनात्मक नोंदींची छापील पुस्तके बाजारात मिळतात आणि त्यांतील वाक्ये पानोपानी उतरवली जातात. यंत्राने तेच काम अधिक गोड भाषेत केले, एवढाच फरक. नोंदीचा हेतू हा, की समोरच्या मुलाला वजाबाकीत हातचा घेताना कोठे अडते ते पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला कळावे. ते आपण पाहिलेले असते, यंत्राने नाही. स्वतः चार शब्दांत टिपलेले निरीक्षण वाक्यात मांडण्यासाठी मदत घेण्यास हरकत नाही. मुलाचे नाव, जात, आजार किंवा घरची परिस्थिती मात्र त्यात टाकू नये. प्रश्नपत्रिका करून घेतल्यास प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून पाहावे, कारण यंत्र चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते.

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड उघडत नाही.

तो दीक्षा ॲपमधूनच स्कॅन करावा आणि माध्यम व इयत्ता योग्य निवडलेली आहे का ते पाहावे. नेटवर्क नसलेल्या शाळांनी पाठ आदल्या दिवशी घरून उतरवून ठेवावा.

नेटवर्क नसल्याने पोषण आहाराची त्या दिवशीची नोंद राहिली.

कागदी नोंदवहीत त्याच दिवशी, त्याच आकड्याने नोंद असली पाहिजे. ती असेल तर तालुक्याला तारीख व लाभार्थी संख्या लिहून कळवावे. दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात कालचा आकडा मिळवून भरू नये.

अडचण आली तर फोन कोणाला करावा, आणि करताना काय हाताशी ठेवावे?

आधी केंद्रातील तंत्रस्नेही शिक्षक, मग गट साधन केंद्रातील डेटा काम पाहणारे कर्मचारी, आणि त्यानंतर केंद्रप्रमुखांमार्फत लेखी. ‘पोर्टल चालत नाही’ एवढ्या वाक्यावर कोणालाही मदत करता येत नाही. शाळेचा यू-डायस क्रमांक, पोर्टलचे नाव, कोणते बटण दाबल्यावर काय संदेश आला त्याचे छायाचित्र आणि वेळ, एवढे पाठवावे. छायाचित्रात मुलाचा आधार क्रमांक दिसत असेल तर तो आधी झाकावा. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी राज्यभरातील शाळा एकाच वेळी पोर्टलवर असतात, तेव्हा पान न उघडणे हा बहुधा आपल्या संगणकाचा दोष नसतो; पहाटे पाच ते सात या वेळेत तेच पान पटकन उघडते, हे गगनबावड्यापासून शिरोळपर्यंतच्या मुख्याध्यापकांना आता पाठ झाले आहे.